रंगू विठू, मुक्काम मोंबासा

आटगाव,
१० नोव्हेंबर २०२४

ती. शालनआत्यास,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन लावलंस की त्यात शिट्टी वाजते. म्हणून पत्र लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. हे बोलणं मला बाबांसमोर नको होतं.

माझ्या भावाच्या, अक्षयच्या मुलीची, मेघाची जात पडताळणी करायची आहे. त्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा कागद लागतो. म्हणून मी माळ्यावर चढले. तिथे रंगूआजीचा पत्र्याचा डबा सापडला. त्याचं कुलूप गंजलेलं. आजीला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण तो कोणी उघडलेला दिसत नाही. मी खाली ओरडून विचारलं, "बाबा, फोडू का?" बाबा टीव्हीसमोरून उठलेही नाहीत. म्हणाले, "फोड. माझं काय नाय त्यात."

आत्या, त्यात पासपोर्ट आहे. विठूआजोबांचा असेल असं वाटलं, कारण ते आफ्रिकेला गेले नि तिकडेच वारले, एवढं मला माहीत आहे. पण आतला फोटो आजीचा आहे! कपाळावर गोंदण, डोक्यावर पदर, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघते आहे की फोटोवालाच घाबरला असेल. आम्हाला तर लहानपणी सांगितलं होतं की आजी काही वर्षं मुंबईला होती.

ती खरंच बोटीने गेली होती का? कुठे? कशी? तू तिच्याजवळ सगळ्यात जास्त राहिलीस, तूच सांगू शकशील. तू नि बाबा सख्खी भावंडं असून तुमचं एकमेकांकडे जाणं-येणं का नाही, तेही मला कधी कोणी सांगितलं नाही. पण ते असो. उत्तर शहापूरला माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. लॅबमध्ये दिलं की मला मिळतं.

तुझी,
अपेक्षा

—

धसई,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. अपेक्षास आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष दे. चाळीस वर्षं शाळेत घालवली, लाल शाईची सवय जात नाही.

मेघाच्या कामाला तो पासपोर्ट उपयोगी नाही. त्यात जात लिहिलेली नसते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचं बघा. ते दुसरीपर्यंत शाळेत होते, जुन्या रजिस्टरात नाव असेल.

डबा बंद करून परत माळ्यावर ठेव. आई हयात असताना तिने तो कोणाला दाखवला नाही, आता आपण उघडून काय करायचं? जुनं माणूस गेलं, जुनी गोष्ट गेली. इथे भात झोडून झालं, वाल पेरायचा आहे. लेकाची, नरेंद्रची रजा संपत आली. मला ह्या कामात फार वेळ नाही.

तुझी,
आत्या

—

आटगाव,
१ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

शाळेचा दाखला मिळाला. मेघाचं काम मार्गी लागलं, तुझ्यामुळे. पण डबा मी बंद केला नाही. रागावू नकोस. तुला आता शेतातल्या कामाने थकवा येतो हे मला समजतं, म्हणून तुला काही करायला सांगत नाही. फक्त वाच.

पासपोर्ट १९५१ चा आहे. सहीच्या जागी अंगठा आहे. नाव रंगू, नवऱ्याचं नाव विठू सोनू, व्यवसाय करवतदार. शहापूरच्या वखारीत आजोबा लाकूड कापायचे ना, त्याच कच्छी शेठच्या भावाची मोंबासाला गिरणी होती असं बाबांच्या चुलत्याकडून ऐकलं होतं. शिक्का मोंबासा बंदराचा आहे. आजोबा एकोणपन्नास साली गेले असं ऐकलंय, म्हणजे आजी त्यांच्यामागून दोन वर्षांनी गेली. आणि आत्या, पुढच्या पानावर १९५६ ला मुदत वाढवली आहे. तिथे अंगठा नाही. तिथे सही आहे! 'रंगू विठू'. वेलांटीसकट, आपल्या अक्षरात. पाच वर्षांत आजी तिकडे लिहायला शिकली. मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवत फिरले.

मुलांच्या नावाचं एक पान आहे. त्याला फोटोचं एक पाकीट चिकटलंय, ओल धरून. खालची अर्धी बाजू तेवढी सुटली आहे. तिथे पानावर लिहिलंय: शालन, मुलगी, जन्म १९५३, मोंबासा.

तू मोंबासाची आहेस! आणि आम्हाला पत्ताच नाही!

अजून एक. आजी आम्हाला धावताना बघून "पोले पोले" म्हणायची, आठवतं? आम्हाला वाटायचं तिचा काहीतरी लाडाचा शब्द. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ 'हळू हळू'. आणि घरात सगळे तुला तोतो म्हणतात, तो शब्दही तिकडचा. लहान मुलाला तिकडे तोतो म्हणतात.

तुझी,
अपेक्षा

—

धसई,
१२ डिसेंबर २०२४

चि. अपेक्षा,

थकवा नाही गं. भीती होती.

तू शोधायचं थांबणार नाहीस हे दिसतंय, तेव्हा सांगते. तोतो हे नाव मी जन्मभर नकोसं मानलं. वस्तीवरची पोरं म्हणायची, बोबडी आहे म्हणून तोतो. त्याचा अर्थ मूल, हे बहात्तराव्या वर्षी तुझ्याकडून कळलं. पत्र हातात धरून मी एकटीच हसले.

आई १९५७ साली माझं बोट धरून परत आली. मी चार वर्षांची. इकडे वस्तीवर दीक्षा होऊन गेलेली, घरातले देव विसर्जन केलेले, आणि सासरच्यांनी तिच्यासाठी दार अर्धंच उघडलेलं. कारण ती सासऱ्याचं न ऐकता गेली होती. तीन वर्षांचा जयराम मागे ठेवून गेली होती. आणि आली ती एकटी, पोर घेऊन. तिने सांगितलं, गिरणीत ओंडका अंगावर आला नि तुझे आजोबा गेले. चुलती सगळ्यांसमोर म्हणाली, "विठूला भेटली का नाय कोनाला ठाव. पोरगी कुठली आणली, तेबी तिलाच ठाव."

हे बोलणं पुढेही चालू राहिलं, कळत्या वयात मी ते दारामागे उभी राहून ऐकलं.  मी आईला विचारलं तर म्हणाली, "ज्याला बघायचंय तो डबा उघडेल. मी कोनाला पुरावा द्यायची नाय." तिचा ताठा असा. पण मी तिच्यासारखी नव्हते. मला वाटायचं, डब्यात काही नसलं तर?

जयरामदादाला वाढवलं आजा-आजीने. त्याच्या कानावर रोज एकच, तुझी आय तुला टाकून गेली. त्याने तिला शेवटपर्यंत 'आई' म्हणून हाक मारली नाही. 'तुमी' म्हणायचा. माझ्या लग्नात भाऊ म्हणून पाठीशी उभा राहायची वेळ आली तर मांडवाबाहेर निघून गेला. म्हणाला, "माझी बहीन हाय कशावरून?" तेव्हापासून मी आटगावला आले ते फक्त आई वारली तेव्हा.

आता तू एवढं उघडलंच आहेस तर पुरतं बघ. त्या पानावर माझ्या बापाचं नाव आहे का? जे असेल ते लिही. गोड करून लिहू नकोस.

आत्या

—

आटगाव,
२१ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

जे आहे ते लिहिते.

पाकीट मी लॅबमध्ये नेलं. जरा वाफ दिली, चिमट्याने हळूहळू सोडवलं. तासभर श्वास धरून काम केलं. आतून फोटो निघाला. मागे मोंबासाच्या स्टुडिओचा शिक्का आणि १९५४ साल. खुर्चीत एक माणूस बसलाय, शेजारी आजी उभी. माणसाचं डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. चेहरा हुबेहूब बाबांचा. तेच कान, तीच वर चढलेली डावी भुवई. त्याच्या मांडीवर वर्षभराची मुलगी आहे. त्याने तिला दोन्ही हातांनी असं धरलंय की फोटोवाल्यालाही देणार नाही.

पासपोर्टवर तुझ्या नावापुढे शिक्का आहे, नि वडिलांचं नाव विठू सोनू. तू त्यांचीच आहेस, आत्या. त्या फोटोला कागदाचीही गरज नाही.

पण पाकीट सुटल्यावर पानाची वरची बाजूही दिसली. तिथे तुझ्या आधी एक नाव आहे. जुन्या शाईत, १९५१ चं, पासपोर्ट काढला त्याच दिवसाचं.

जयराम, मुलगा, वय तीन.

समासात लाल शाईने इंग्रजीत लिहिलंय, 'नॉट ट्रॅव्हलिंग'. म्हणजे तिने बाबांचं नाव घातलं होतं. ती त्यांना घेऊन जाणार होती. मग बंदरावर ती एकटी कशी पोहोचली? तुला काही माहीत आहे? बाबांना मी अजून सांगितलं नाही. ते म्हणतील, घेऊन जायचं होतं तर का नाही नेलं. 

फोटोची प्रत सोबत पाठवते.

अपेक्षा

—

धसई,
९ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

उत्तर उशिरा देते आहे, कारण उत्तर शोधायला गेले होते.

फोटो नरेंद्रने चौकट करून भिंतीवर लावला. मी सकाळचा चहा त्याच्यासमोर घेते. 

जयरामचं नाव वाचून मला आईचं एक बोलणं आठवलं. आजारात माझ्याकडे धसईला असताना ती म्हणायची, "सिद्धगडाखाली गेलते गो, पण दिला नाय." मला वाटायचं तापात बरळते. सिद्धगडाच्या पायथ्याला तुझ्या आजोबांचे लाकूडतोडीतले सोबती होते, हे मला माहीत होतं. नरेंद्रला म्हटलं, मोटारसायकल काढ. तिथल्या पाड्यावर विचारत विचारत एका घरी पोहोचलो. बुधूबाबा. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण स्मरण लख्ख. मी विठूची मुलगी म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

ते जे बोलले ते तसंच लिहिते.

"तुझा आजा पोराला आमच्याकडं घेऊन आला. मी बारा-तेरा वर्साचा व्हतो. बापाला म्हनला, सून दर्यापार जाया निघालीय. पोरगा सापडला नाय तं जायाची नाय. ठेवून घ्या. कोनी इचारलं तं सांगायचं, इथं नाय. मंग ती आली. एकटी, चालत. दारात हुबी ऱ्हायली. बाप म्हनला, नाय बाय, इथं कोन पोर नाय. पोरगा आत माझ्यापाशी व्हता, भाकर खात. तिनं हाक मारली, जयराम! त्यानं मान वर केली. मी त्याचं तोंड दाबलं. आमाला तसंच सांगितलं व्हतं. ती आंब्याखाली बसली, अंधार पडोस्तवर. सकाळी दुसऱ्या पाड्यावर शोधाया गेली. बोट सुटायची व्हती, शेठचा मानूस न्यायला आलता. काय करील?"

मग म्हणाले, "पोरगा जिता हाय का गो?" मी म्हटलं, आहे. "त्याला सांग, तुझ्या आयनं हाक मारलीती."

अपेक्षा, हे सांगणं आता तुझं काम. मी सांगितलं तर त्याला वाटेल मी माझी बाजू लढवते. पासपोर्ट आधी त्याच्या हातात दे. त्याला इंग्रजीची सुटी सुटी अक्षरं वाचता येतात. स्वतः वाचू दे.

आत्या

—

आटगाव,
१७ जानेवारी २०२५

आत्या,

हे पत्र अक्षयच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवते आहे. तो धसईच्या बाजाराला भाजी आणायला येतो. लगेच उत्तर दे.

काल जेवणं झाल्यावर मी बाबांच्या हातात पासपोर्ट दिला. आधी फोटो दाखवला नाही. ते पान उघडून दिलं नि म्हटलं, वाचा. चष्मा लावला. इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत गेले. जे, ए, वाय... मग थांबले. "हा कोन जयराम?" मी म्हटलं, "तुम्ही." म्हणाले, "माझं नाव हितं कशाला आसंल?"

मग तुझं पत्र वाचून दाखवलं. बुधूबाबांचं सगळं. हाक मारली तिथवर आले नि बाबांनी हात वर केला. मी थांबले. ते म्हणाले, "आंबा व्हता. दारात. मला आठवतो. मी इचारायचो तं आजी म्हनायची, सपान पडलं तुला."

फोटो दिला तेव्हा ते उभे राहिले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने बापाचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. भुवईवर बोट फिरवलं, मग स्वतःच्या भुवईवर. म्हणाले, "मांडीवर ही कोन? शालन?"  

आज सकाळी उठले, दाढी केली, ठेवणीतला सदरा घातला आणि निघून गेले. फोन घरीच. रिक्षावाला सांगतो, शहापूरच्या स्टँडवर सोडलं, किन्हवलीवरून तुमच्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले. आत्या, ते तुझ्याकडे आले आहेत का?

अपेक्षा

—

धसई,
१७ जानेवारी २०२५

अपेक्षा,

आला आहे. काळजी करू नकोस. टेम्पोवाला थांबलाय म्हणून चार ओळी.

अंगण सारवत होते. फाटकाशी कोणी उभं दिसलं. तो म्हणाला, "शालन, मी जयराम." जसं काही मी ओळखणारच नाही. मी म्हटलं, "आत ये. चप्पल तिथंच काढ, ओलं आहे." पन्नास वर्षांनी मला एवढंच सुचलं.

ओटीवर बसला नि रडला. मग मीही. शेजारची माधुरी पाणी घेऊन धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, "अगं, गेलं नाही कोणी. माझा भाऊ आलाय." वस्तीभर ऐकू जाईल असं म्हटलं. मला ऐकू येत नाही, त्याचा हा एक फायदा.

वालाची भाजी नि तांदळाची भाकरी खाऊन आता झोपलाय. चार दिवस पाठवणार नाही.

आत्या

ता. क. उद्या त्याला सिद्धगडाखाली घेऊन जाते. बुधूबाबा वाट बघतायत.

—

धसई,
२ मे २०२५

चि. अपेक्षास आशीर्वाद.

तुझा बाप हट्टी आहे, हे मी तुला सांगायला नको. बुधूबाबांकडे त्या आंब्याखाली बसून आल्यापासून त्याने एकच धरलंय. "आय गेली तिथं मला जायचंय. तिनं तिकीट काढलं व्हतं माझं." माझी पेन्शन आहे, नरेंद्र सोबत येतो म्हणतोय. तुला रजा नाही मिळाली, त्याचं वाईट वाटतं.

आमचे पासपोर्ट आले. माझ्यावर जन्मठिकाण आटगाव लिहिलंय, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. नरेंद्र म्हणाला, बदलायचं तर फार कागद लागतील. मी म्हटलं, राहू दे. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना आता माहीत आहे.

चुलतीच्या नातीचं लग्न झालं गेल्या आठवड्यात. आम्ही दोघं बरोबर गेलो, तो फोटो घेऊन. जयरामदादाने पंक्तीत हातोहात फिरवला. कोणी विचारायच्या आत स्वतःच सांगत होता, "हा माझा बा. ही माझी आय. ही मांडीवर बसलीय ना, ती ही." आणि माझ्याकडे बोट. चुलती आता ऐंशी-नव्वदीची, खाटेवर असते. तिच्याही हातात दिला. तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "विठूच हाय रे." सगळ्या मांडवाने ऐकलं. आईला हवं होतं की नाही कोणास ठाऊक. मला हवं होतं.

तुझी,
आत्या

—

मोंबासा,
११ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास मोंबासाहून आशीर्वाद.



ती लाकडाची गिरणी आता नाही, तिथे मोठी दुकानं झाली. जुन्या बंदरावर गेलो. पायऱ्या दगडी, समुद्राने झिजलेल्या. नरेंद्र म्हणाला, डेकवरचे उतारू इथेच उतरायचे. जयरामदादा वाकून वाकून एकेक पायरी उतरला, पाण्याला हात लावला नि वर आला.

नंतर विचारत विचारत आपल्या लोकांच्या स्मशानभूमीत गेलो. खाडीच्या काठाला आहे, झाडं भरपूर. तिथली व्यवस्था एक गुजराती बाई बघतात. हिंदीत म्हणाल्या, इतक्या वर्षांपूर्वीचं कसं सापडणार? पण मागच्या बाजूला जुने दगडी बाक आहेत, गेलेल्यांच्या नावाने घरच्यांनी बसवलेले, ते बघा. आम्ही तिघं तीन बाजूंना गेलो. नावं गुजराती अक्षरांत. मला ती अक्षरं जुळवून जुळवून वाचता येतात, दादाला नाही. तरी तो बाक सापडला त्यालाच. दमून तो एका बाकावर बसला होता. मी त्याला उठवायला गेले, आणि त्याच्या पाठीमागचं अक्षर दिसलं.

'विठू सोनू, शहापूर. पत्नी रंगू तरफथी.' म्हणजे, पत्नी रंगूकडून.

अपेक्षा, सत्तावन्न साली बोटीत बसायच्या आधी तिने हा दगड बसवला. घरी परतल्यावर कोणी काय म्हणेल याची तिने फिकीर केली नाही. समुद्राच्या ह्या काठावर नवऱ्याचं नाव, गावाचं नाव आणि त्याखाली स्वतःचं नाव कोरून ठेवलं, आणि मग माझं बोट धरून निघाली. एवढ्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यात एक अक्षर झिजलेलं नाही.

मी ते मोठ्याने वाचलं. दादाने पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. त्या बाईंना कळेना काय चाललंय. दादाने त्यांना मराठीतच सांगितलं, "आमच्या आयनं बसवलाय हा. आमच्या आयनं!" त्यांना समजलं. त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं, आम्ही दगड धुतला, मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. फुलं समोरच्या झाडाचीच घेतली.

दादा म्हणतो, त्यालाही चार ओळी लिहायच्या आहेत. मी दुरुस्त करणार नाही. जसं लिहील तसं.

तुझी,
शालनआत्या

अपेक्षा पोरी,
आमी दोघं बाकावर बसलो हाय. समोर खाडी. बोटी जातात येतात. शालन लई बडबडते, मी ऐकतो. आय ह्या पान्यावरनं एकटी आली. तिला लिवता येत नव्हतं, कोनाची भाषा येत नव्हती. तरी आली. मी इमानात डोळे मिटून बसलो व्हतो. आज जोरात हाक मारली, आई म्हनून. लोक बघाया लागले. बघू दे. अजून एकदा मारनार हाय.
तुझा बाबा,
जयराम विठू